तेलाचा एक थेंब, पाण्याचे दोन

मरोळ गावठाण, अंधेरी
७ एप्रिल १९५५

प्रिय एडवर्ड,

तुझे पत्र पोचले. तुझी बहीण जोसेफीन बरी आहे, मी बरा आहे, कोंबड्या बऱ्या आहेत. खुशाली संपली, आता मुद्दा.

तू लिहितोस की कुवेतात तेलाबरोबर गॅसही वर येतो, आणि तो नको म्हणून तिथल्या तिथे उघड्यावर पेटवून देतात. तो जाळ एवढा, की त्या उजेडात तुम्ही मेसच्या अंगणात पत्ते खेळता. हे वाक्य मी जोसेफीनला दोनदा वाचून दाखवले. तिला वाटले मी चिडलो. मी चिडलो नव्हतो. तेवढ्या जाळावर किती पाव भाजून निघाले असते याचा मी विचार करीत होतो. पण उत्तर निघेना, कारण तू जाळाची उंची लिहिलेली नाहीस. तपशील लिहीत जा.

आता माझ्या जाळाचे ऐक. हॉस्पिटलचा सकाळचा पाव आपल्या बेकरीतून जातो हे तुला माहीत आहे. तो मी स्वतः सायकलला पेटी बांधून नेतो, कारण दुसऱ्याच्या हातात पेटी दिली की तो ती वळणावर तिरकी करतो आणि खालचा थर चेपतो. गेल्या पावसाळ्यात पाच वेळा उशीर झाला. दोष माझा नव्हता. वखारवाल्याने ओले लाकूड दिले. ओले लाकूड धुमसते, भट्टी तापत नाही, आणि मळलेले पीठ कोणासाठी थांबत नाही. पण मेट्रन रत्नप्रभाबाईंना लाकडाचे काय? रोग्यांना सहा वाजता चहा आणि चहाबरोबर पाव, एवढेच त्यांना ठाऊक. परवा मला समोर उभे करून म्हणाल्या, "मिस्किटा, येत्या पावसाळ्यात एकदा जरी सहाच्या पुढे पाव आला, तर काम स्टेशनजवळच्या बेकरीला देईन. मला तुमचं भाषण नको, पाव हवा."

मी भाषण करीत नाही. कारणे क्रमाने सांगतो, इतकेच.

हॉस्पिटल गेले तर बेकरी गेली, हे वेगळे लिहायला नको. गावठाण नाताळला केक घेते, लग्नाला पाव घेते. रोजची भट्टी पेटती ठेवायला हॉस्पिटलच लागते.

तू एकदा लिहिले होतेस की लढाईच्या वेळी इराकात तुम्ही पलटणीचा स्वयंपाक तेलाच्या आणि पाण्याच्या थेंबांवर करीत होता. इथे अंधेरीच्या मोटार गॅरेजात इंजिनातले जळके तेल काढून सरळ गटारात ओततात. त्यावर माझी भट्टी तापेल काय? नकाशा पाठव. मापांसह.

तुझा,
इसिडोर मिस्किटा


अहमदी, कुवेत
२२ एप्रिल १९५५

इसिडोर भावोजी यांस,

जाळाची उंची मोजायला मी गेलो होतो. राखणदारानं हाकलून दिलं. म्हणाला, स्वयंपाकी आहेस ना, मग मटण बघ.

तुमची भट्टी जळक्या तेलावर तापेल काय म्हणजे? झकास तापेल! आम्ही त्यावर अख्ख्या पलटणीचं डुक्कर शिजवलंय. ऐका. दोन डबे उंचावर ठेवायचे, एकात तेल, एकात पाणी. दोन्हींना खाली तोट्या. तोटीतून तांब्याची नळी, आणि नळीतून थेंब थेंब खाली लोखंडी पत्र्यावर. आधी पत्र्याखाली ढलप्या जाळून पत्रा लाल करायचा. मग तेल सोडायचं. ते पेटलं की मग पाणी. पाण्याची फटकन वाफ होते, ती तेलाला उडवते, आणि असा भडका उठतो की बघत राहावं. तेलाचा एक थेंब, पाण्याचे दोन. कधी तीन. ते अंदाजानं. नीट गुरगुरला तर बरोबर चाललंय. शिंकायला लागला तर पाणी कमी करायचं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिल्यांदा उघड्यावर पेटवा. आणि तेलाच्या आधी पाणी सोडू नका.

इथे आता ते थेंबांचं काम कोणी करत नाही. आमच्या मेसला गॅसची नळी आली. कंपनीचा दवाखाना, शाळा, लाँड्री, सगळं गॅस नाहीतर तेलावर. प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचं खारं पाणी उकळून, त्याच्या वाफेचं करतात. भिंतीवर पाटी लावलीय, पाणी जपून वापरा. तेल जपून वापरा अशी पाटी मी अजून पाहिली नाही. आणि आपल्या मरोळात विहिरी तुडुंब नि रॉकेलला रांग! देवानं वाटणी केली तेव्हा दोघांच्या पिशव्या बदलल्या वाटतं.

नकाशा सोबत आहे. मेसच्या टेबलावर घाईत काढलाय, सांभाळून घ्या. जोसेफीनबायला सांगा, पेटवताना लांब उभी राहा.

तुमचा,
एडवर्ड


मरोळ
१५ मे १९५५

प्रिय एडवर्ड,

नकाशा मिळाला. मापे एकही नाही. "अंदाजाने" हे माप नव्हे. शेवटी मी नकाशावरच्या डब्याची उंची पट्टीने मोजली, खरा डबा मोजला, आणि त्या प्रमाणात बाकी सर्व वाढवले. इंग्रजी चौथीनंतर मला कोणी शिकवले नाही, पण फुटपाथवरून घेतलेली यंत्रांची पुस्तके मी चित्रांसाठी वाचत नव्हतो.

सर्वात महत्त्वाच्या भागाबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलेले नाहीस, याचे आश्चर्य वाटले. तेलाच्या नळीच्या मध्यावर तू जे मोठे वेटोळे दाखवले आहेस, तपकिरी रंगात, मुद्दाम वेगळे, त्याचा व्यास किती, वेढे किती, काही नाही. मी बारकाईने पाहिले. रेघ एका बाजूला जाड व दुहेरी आहे, त्यावरून वेढे दोन धरले. कुर्ल्याच्या तांबटाकडून नळी वळवून आणली. तो विचारीत होता, "सायेब, वेटोळं कशापायी?" मी सांगितले, "कुवेतात असेच असते." त्याने हातोडी उचलली.

डबे लहान पडतील म्हणून मी दोन मोठी पिंपे घेतली आहेत. भट्टीच्या पोटाखाली बाजूने नवी चूल काढली आहे, म्हणजे जाळ खाली आणि पाव वर. पावाला तेलाचा वास नको. पहिली चाचणी मंगळवारी घेतली. समाधानकारक.

तुझा,
इसिडोर

(याच पाकिटात)

एडू,

समाधानकारक म्हणे! यांना थेंबांचं प्रमाण मोजायचं होतं, म्हणून आधी नुसतं पाणी सोडून थेंब मोजले, आणि ते पत्र्यावर साठलं, आणि मग तेल. असा बार झाला की फादर चर्चमधून बाहेर आले. यांच्या दोन्ही भुवया गेल्या. कोंबड्या पेरूच्या झाडावर जाऊन बसल्या त्या दुपारपर्यंत खाली नाहीत. यांनी काळ्या तोंडानं काय म्हणावं? "प्रमाण चुकलं नाही, क्रम चुकला."

आता मात्र भट्टी पेटते हो. वाघासारखी गुरगुरते. पण ते तांब्याचं वेटोळं बघून मला कसंतरीच होतं. कुठंतरी बघितल्यासारखं वाटतं.

तुझी बाय


अहमदी
२८ मे १९५५

भावोजी,

कसलं वेटोळं?

मी वेटोळं काढलेलंच नाही! तुमचं पत्र वाचून मी डोकं धरून बसलो. मग आठवलं. नकाशा काढताना कागदावर चहाचा मग ठेवला होता. भावोजी, ते मगाच्या बुडाचं वर्तुळ आहे. दोनदा ठेवला असेन, म्हणून तुम्हाला वेढे दोन दिसले. मेसमध्ये सांगितलं तर गोव्याचा बटलर हसता हसता पिठाच्या पोत्यावर पडला.

पण आता हसू बाजूला. ते आधी काढा. उंचावर पिंप, त्याला तांब्याची नळी, नळीला वेटोळं, खाली जाळ, आणि वरून थेंब थेंब... बायनं कुठं बघितलंय ते मला बरोबर माहीत आहे. तुम्हाला नसेल, कारण तुम्ही लग्नातसुद्धा सरबत पिता. दारूबंदी आहे भावोजी! आणि तुमच्या बेकरीत पावाच्या आंबवणाचा वास आधीच घमघमतो. पोलिसांनी बघितलं तर वाट लागेल.

तुमचा,
एडवर्ड


मरोळ
१२ जून १९५५

प्रिय एडवर्ड,

तुझे पत्र वाचले. वेटोळे काढणार नाही.

कारणे क्रमाने. पहिले: जळके तेल जाड असते आणि पावसाळी हवेत आणखी जाड होते. वेटोळे चुलीच्या तोंडाशी आहे. त्यातून येताना तेल कोमट होते आणि थेंब अडकत नाही. हे मी वेटोळे काढून आणि लावून, दोन्ही प्रकारे पाहिले आहे. म्हणजे तुझ्या चहाच्या मगाला तुझ्यापेक्षा अधिक अक्कल आहे. दुसरे: बटलरला माझा निरोप दे, की हसणे हा पुरावा नव्हे. तिसरे: पोलिसांची भीती मला घालू नकोस. मी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही हे सगळ्या गावठाणाला ठाऊक आहे. पूर्वी पावात ताडी घालीत. बंदी आली त्या दिवसापासून मी बटाट्याचे आंबवण घालतो. खुद्द फौजदारसाहेबांच्या घरी माझा पाव जातो.

पाऊस लागला आहे. वखारीत लाकूड भिजते आहे, खुशाल भिजो. भट्टी वेळेवर तापते, पाव सहाच्या आत पोचतो. काल मेट्रनबाईंनी घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही शाबासकी समजावी.

तुझा,
इसिडोर


मरोळ
३ जुलै १९५५

प्रिय एडवर्ड,

सर्व ठीक. गेल्या आठवड्यात काही सरकारी अधिकारी आपली भट्टी पाहायला आले होते. यंत्र त्यांना इतके महत्त्वाचे वाटले की त्यांनी त्यावर सील लावले असून पहाऱ्याला एक हवालदार ठेवला आहे. तेलाचा नमुना बाटलीत भरून सरकारी प्रयोगशाळेत पाठवला आहे. अहवाल येईपर्यंत मी मरोळ सोडू नये अशी त्यांची इच्छा आहे. तोपर्यंत हॉस्पिटलचा पाव माझ्या वतीने जोसेफीन पोचवते.

अधिक काही नाही.

इसिडोर


मरोळ
३ जुलै

एडू,

यांनी तुला काय लिहिलंय ते मला माहीत आहे, कारण पाकीट मीच चिकटवलं. आता खरं ऐक.

शनिवारी संध्याकाळी यांनी नुकतीच चूल पेटवली होती. एवढ्यात गल्लीत शिट्ट्या. पलीकडच्या आळीतले जे खरे दारू गाळणारे, ते विहिरीमागून शेतात पसार झाले. पोलीस त्यांच्या दारावरून सरळ पुढे, आमच्याकडे! फौजदार आत आले, नि पिंप, नळी, वेटोळं, जाळ बघून जागीच थांबले. मग नाकानं वास घेतला. आंबवणाची बरणी उघडीच होती.

"मिस्किटा," ते म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. माझी मुलं तुमचा पाव खातात."

"साहेब, हा ज्वालक आहे," हे म्हणाले. बर्नरला हे ज्वालक म्हणतात. "तेलाचा एक थेंब, पाण्याचे दोन."

"पाणी पण मारता वर?"

बरोबर गुणाजी म्हणून हवालदार होता. तो त्यातला दर्दी. नुसत्या जिभेवरून कुठल्या गावची ते सांगतो म्हणे. त्यानं नळीच्या टोकाशी वाकून बघितलं नि ओरडला, "साहेब, थेंब पडतोय! पहिल्या धारेची!" हे "अहो, नको, नको" म्हणेपर्यंत त्यानं बोट लावलं नि चाटलं.

एडू, मोटारीच्या इंजिनाचं तेल ते. त्याचा चेहरा कसा झाला ते कागदावर लिहिता येत नाही.

फौजदारांनी विचारलं, "कशी आहे?"

त्यानं आधी बोट चड्डीला पुसलं. मग म्हणाला, "साहेब, कडक आहे. पण ओळखीची नाही."

झालं! ओळखीची नाही म्हणजे नवीनच प्रकार. बाटलीत नमुना घेतला आणि दोन्ही तोट्यांना लाखेचं सील ठोकलं. "कोणी हात लावला तर आत टाकीन," म्हणाले फौजदार. मग बघतात तर चूल आपली गुरगुरतेच आहे.

"ही विझवा!"

"विझवायला तोटी बंद करावी लागेल, साहेब," हे अगदी शांतपणे म्हणाले. "तोटीला आपलं सील आहे. आपण ती उघडी असताना सील केलीत."

फौजदारांनी सीलकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. आता सगळ्यांसमोर स्वतःचं सील कसं तोडणार? म्हणाले, "असू दे तसंच!" गुणाजीला स्टुलावर बसवलं, यांना मरोळच्या बाहेर पाऊल टाकायची बंदी केली, नि गेले.

मग भट्टी अशी तापली की काय सांगू. आम्ही पाव भाजले, खारी भाजली, शेजारणींनी आपापलं पीठ आणलं ते भाजलं. पहाटे पाव तयार, पाऊस धो धो, आणि हे पेटीला दोरी बांधून सायकल धरून उभे. गुणाजी म्हणाला, "हॉस्पिटल मरोळबाहेर आहे, तुम्हाला सोडता येत नाही, दादा. माझी नोकरी जाईल." हे त्याला कारणं क्रमानं सांगायला लागले. मी बघितलं, दुसरं कारण चालू आहे तोवरच सहा वाजणार. मीच पाव पाटीत भरले, वर मेणकापड टाकलं, डोकीवर इरलं घेतलं नि निघाले. मागून हे ओरडतायत, "पाटी तिरकी करू नकोस!"

मी पोचले तेव्हा चहाचं भांडं अजून चुलीवर होतं. पण बातमी माझ्या आधी पोचलेली. मेट्रनबाई म्हणाल्या, "हॉस्पिटलचा पाव दारूच्या खटल्यातल्या माणसाकडून घेता येणार नाही मला. आजपासून स्टेशनजवळची बेकरी."

मला काय वाटलं कोण जाणे. पाटी खाली ठेवली नि म्हणाले, "बाई, खटला त्यांच्यावर आहे. माझ्यावर नाही. पाव मी आणलाय."

त्यांनी एक पाव उचलला. गरम होता, हात भाजला त्यांचा. म्हणाल्या, "नाव सांगा."

मी सांगितलं. काम आता माझ्या नावावर आहे, एडू. हे यांना माहीत नाही. यांना वाटतं मी यांच्या वतीनं जाते. आताच सांगितलं तर जेवायचे नाहीत. तूही काही लिहू नकोस.

आणि भट्टीचं विचारशील, तर सील तोटीला आहे, पिंपाच्या झाकणाला नाही. हे रोज वरून मापून तेवढंच तेल, नि ते पेटलं की पाणी ओततात. तेल संपलं की आग आपोआप बंद. गुणाजी बघतो नि गरम पाव खातो. सील शाबूत आहे ना, एवढंच त्याला बघायचं.

तुझी बाय


अहमदी
१८ जुलै १९५५

भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. पोलिसांना यंत्र आवडलं हे वाचून आनंद झाला. बायचं मला काहीच पत्र आलेलं नाही. मेट्रनबाईंबद्दल तर तिनं अजिबात काही लिहिलेलं नाही. त्यामुळे काम कोणाच्या नावावर आहे याबद्दल मला काही म्हणायचं नाही. घरचंच काम, कोणाच्या का नावावर असेना, पाव पोचला म्हणजे झालं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

इथे फार उकडतंय.

तुमचा,
एडवर्ड


मरोळ
२ ऑगस्ट १९५५

एडवर्ड,

माझ्या स्वयंपाकघरात काय घडले हे मला समुद्रापलीकडून कळावे, ही गोष्ट मी नोंदवून ठेवीत आहे.

तू चांगला स्वयंपाकी असशील. गुपित ठेवणारा नाहीस. जे अजिबात लिहिलेले नाही ते कोणी एवढ्या तपशिलाने लिहीत नाही. पत्र हातात धरून मी जोसेफीनला विचारले. ती पीठ मळत होती. म्हणाली, "हो. माझ्या नावावर आहे." आणि मळत राहिली. मी म्हणालो, "हे तात्पुरते आहे, असे मी समजतो." ती म्हणाली, "समजा."

भट्टी मी बांधली. चूल मी काढली. तेल मी मापतो. भुवया माझ्या गेल्या. आता कुठे येऊ लागल्या आहेत, डावी थोडी मागे आहे. आणि हॉस्पिटलमध्ये नाव बाईचे!

अहवाल आला की मी स्वतः मेट्रनबाईंकडे जाऊन दुरुस्ती करून घेणार आहे. दरम्यान आणखी एक उपद्रव. खटल्याची बातमी पसरल्यापासून सहार, चकाला, कुठून कुठून अनोळखी माणसे बेकरीत येतात आणि डोळा मिचकावून "स्पेशल पाव" मागतात. मी सांगतो, सगळे पाव सारखेच आहेत. ते म्हणतात, "समजलं, समजलं," आणि चार जास्त घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. खप वाढला आहे. मला यात काही समाधान नाही.

इसिडोर


मरोळ
४ सप्टेंबर १९५५

प्रिय एडवर्ड,

अहवाल आला. नमुन्यात मद्यार्क नाही. नमुना खनिज तेलाचा असून पिण्यास योग्य नाही, असेही खाली लिहिले आहे. ते गुणाजीला वाचून दाखवले. तो म्हणाला, "हे मी त्याच दिवशी सांगणार होतो." फौजदारसाहेबांनी स्वतः येऊन सील काढले, माझ्याशी हात मिळवला आणि मुलांसाठी खारी नेली. वेटोळ्याचे प्रयोजन मी त्यांना समजावून दिले. त्यांनी ते उभ्याने ऐकले.

त्याच दिवशी मी लग्नातला कोट घातला आणि हॉस्पिटलात गेलो. मेट्रनबाई लाँड्रीच्या दारात उभ्या होत्या. तिथे चादरी उकळायचा मोठा हंडा दगडी कोळशावर चालतो, आणि त्या धुराने धुतलेल्या चादरी वाळता वाळता पुन्हा काळ्या होतात. बाई ते बघून आधीच तापलेल्या होत्या. मी अहवाल पुढे केला.

त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला. "छान झालं. मग?"

"काम पूर्ववत माझ्या नावावर व्हावे, एवढीच विनंती."

"या पावसाळ्यात पाव किती वेळा उशिरा आला, मिस्किटा?"

"एकदाही नाही," मी म्हणालो. हे मी अभिमानाने म्हणालो, आणि म्हणताक्षणीच माझ्या ध्यानात आले की मी कुठे पाय ठेवला.

"आणला कोणी?"

"जोसेफीनने. परंतु बाई, भट्टी मी बांधलेली, ज्वालक माझा. पहिले कारण—"

"गेल्या पावसाळ्यात तुम्ही आणत होतात. पाच वेळा उशीर, आणि पाचही वेळा तुमच्याकडे कारण होतं. तुमची बायको कारणं आणत नाही. पाव आणते." एवढे बोलून त्या आत वळल्या. मग पुन्हा बाहेर आल्या आणि हंड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते तुमचं यंत्र याला लागेल का? धूर होतो त्याला?"

मी सांगितले, प्रमाण बरोबर असेल तर दिसण्याइतका होत नाही.

"मग बसवून द्या. त्याचं काम तुमच्या नावावर लिहीन."

मी मान्य केले. परत येताना वाटेत विचार केला, तर पहिली गोष्ट ही दिसली की बेकरीच्या दारावरची नावाची पाटी बदलावी लागणार नाही. आडनाव एकच आहे. दुसरी गोष्ट अशी की हंड्याला यंत्र बसवायला निदान चार दिवस हॉस्पिटलात राहावे लागेल, आणि तेवढे दिवस बेकरीची भट्टी कोणी पेटवायची, हे ठरवण्याचा अधिकार आता माझा राहिलेला नाही.

घरी आलो. जोसेफीन पावाची पाटी घासत होती. तिने कोटाकडे पाहिले, तोंडाकडे पाहिले. "बदललं नाव?"

"नाही."

"मग?"

"लाँड्रीच्या हंड्याचे काम मिळाले. त्यासाठी मला चार दिवस," मी घसा साफ केला, "सुट्टी लागेल."

ती वळून पुन्हा पाटी घासू लागली. हसत होती काय, मला दिसले नाही, पाठ माझ्याकडे होती. म्हणाली, "बघते. गुणाजी म्हणत होता, त्याला भट्टी पेटवता येते आता. एवढे दिवस बसून बघितलीय."

गुणाजी! ज्याने तेल चाटले! एडवर्ड, त्याला क्रम कळतो, प्रमाण कळत नाही. मी हे तिला सविस्तर सांगणार होतो, म्हणून तुला आधी लिहून मुद्दे नीट मांडून घेतो आहे. पहिला मुद्दा असा, की थेंबाचा वेग हा तेलाच्या जाडीवर

आतून हाक आली. संध्याकाळचे पाच वाजले आहेत, चूल पेटवायची आहे. उशीर झाला तर ती काम गुणाजीला देणार आहे, असे म्हणते.

इसिडोर